पॉली उम्रीगर : खेळ आणि खेळानंतरची वर्षे

कसोटी सामन्यात भारताच्या वतीने पहिले द्विशतक कोणी काढले, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित बैठकीत घातला, तर बहुतेक मंडळी गावसकरांचे नाव घेतील, कोणी विजय हजारे म्हणतील, कोणी विजय मर्चंट म्हणतील. एखादाच जुना शौकीन पॉली उम्रीगर हे खरे उत्तर देईल. त्या नावाशी सोलापूर या गावाचा संबंध जोडणारा तर त्याहूनही विरळा. वास्तविक १९६२ साली उम्रीगरांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला, त्या दिवशी सर्वांत अधिक कसोटी सामने, सर्वांत अधिक धावा आणि सर्वांत अधिक शतके हे तिन्ही भारतीय उच्चांक एकट्या त्यांच्या नावावर होते. असे असता त्यांचे नाव मर्चंट-हजारे आणि गावसकर यांच्या मधल्या पोकळीत कोठेतरी हरवल्यासारखे व्हावे, याला काही कारणे आहेत. ती कारणे शोधू जाता त्यांच्या खेळाइतकेच त्यांच्या स्वभावाकडे आणि त्यांनी पुढे काय केले तिकडेही पाहावे लागते.

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा. जन्मस्थान म्हणून काही ग्रंथांत मुंबई छापलेले आढळते, काहींत सोलापूर. परंतु बालपण सोलापुरात गेले याविषयी दुमत नाही. वडिलांचा व्यवसाय कापडचोपडाचा. पारशी कुटुंब आणि कापडाचा धंदा यांची सोलापुरात गाठ पडावी यात नवल करण्यासारखे काही नव्हते. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे तेथवर पोहोचली, पुढे १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी उभी राहिली, आणि मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर गावाचे घड्याळ चालू लागले. तेलुगू विणकर, कानडी व्यापारी, मराठी नोकरदार, मुसलमान कारागीर आणि या सर्वांत थोडीशी पारशी घरे असे ते गाव होते. याच गावात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येथील चार हुतात्म्यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. तेव्हा पहलन पाच वर्षांचाही झाला नव्हता.

सोलापूरची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात तिचा राबडा होतो. अशा जमिनीवर हिरवळीची खेळपट्टी राखणे हे सरकारी कारभाराला किंवा संस्थानिकाच्या खजिन्यालाच परवडावे. मोफसल गावांतील मुले त्या काळी ठोकून टणक केलेल्या मातीवर काथ्याची चटई ताणून बसवीत आणि तिच्यावर खेळत. चटईवर चेंडू उंच उसळतो, पण उसळतो तो ठरलेल्या रीतीने. एकदा टप्प्याचा अंदाज आला, की निर्धास्तपणे हात फिरवता येतो. लांब हातांच्या आणि उंच बांध्याच्या मुलाला ही चटई फार मानवते. उम्रीगर पुढे सहा फुटांहून उंच झाले. त्यांच्या फलंदाजीत गोलंदाजाच्या डोक्यावरून चेंडू भिरकावण्याची जी सहजता दिसे, तिची मुळे अशा चटयांवर शोधणे वावगे होणार नाही.

शाळेत असतानाच कुटुंब मुंबईस आले. मुंबईचे क्रिकेट त्या वेळी जातवार वाटलेले होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असे पाच संघ दरसाल पंचरंगी सामन्यांत झुंजत. या पद्धतीवर गांधीजींपासून अनेकांनी टीका केली होती आणि १९४६ नंतर ती बंदही पडली. परंतु १९४४ साली अठरा वर्षांच्या उम्रीगरांना प्रथम श्रेणीच्या मैदानाचे दार उघडले ते पारशी संघानेच. पुढे मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठांच्या संघातर्फे त्यांनी नाबाद ११५ धावा काढल्या, आणि डिसेंबरात ब्रेबॉर्न मैदानावर त्यांना कसोटी संघात घेतले गेले. एक सामना खेळवून त्यांना बाजूस ठेवण्यात आले, ते तीन वर्षे.

पुनरागमनही सुखासुखी झाले नाही. १९५१-५२ च्या हंगामात इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील अखेरचा सामना मद्रासेस होता. उम्रीगर मूळच्या अकरा जणांत नव्हते. सामना सुरू होण्यापूर्वी हेमू अधिकारी यांच्या मनगटास दुखापत झाली आणि त्यांच्या जागी उम्रीगरांना उतरवण्यात आले. सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १३० धावा केल्या. विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून बारा बळी घेतले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये भारताने आपला पहिलावहिला कसोटी विजय एक डाव आणि ८ धावांनी मिळवला. १९३२ पासून वीस वर्षे ज्या विजयाची वाट पाहिली, तो मिळाला तेव्हा त्यात ऐन वेळी घेतलेल्या एका बदली खेळाडूचे शतक होते.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी उम्रीगरांच्या आयुष्यातील सर्वांत कडू अध्याय सुरू झाला. त्यांच्या कीर्तीवर जो डाग पडला तो येथलाच, म्हणून त्याचा विचार थोडा तपशिलाने करावयास हवा.

१९५२ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. काउंटी आणि विद्यापीठांच्या संघांविरुद्ध उम्रीगरांची बॅट अशी तळपली की दौऱ्यातील प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या १६८८ धावा झाल्या, त्यांत तीन द्विशतके. आणि चार कसोटी सामन्यांच्या सात डावांत मिळून धावा किती? त्रेचाळीस. सरासरी सहाच्या किंचित वर. कारण एकच, आणि त्याचे नाव फ्रेड ट्रूमन. एकवीस वर्षांचा हा यॉर्कशायरचा गोलंदाज विमानदलातील नोकरीतून सुटी घेऊन येई, धावत येई आणि विलक्षण वेगाने चेंडू टाकी. लीड्सला भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव झाली नसताना चार गडी परतले होते. मँचेस्टरला त्याने एका डावात अवघ्या ३१ धावांत आठ बळी घेतले आणि भारतीय संघ एकाच दिवसात दोनदा, ५८ आणि ८२ धावांत, गारद झाला. मालिकेत ट्रूमनचे बळी २९ झाले. उम्रीगर त्याच्यापुढे लेगच्या बाजूस सरत, यष्ट्या उघड्या पडत आणि त्रिफळा उडे. इंग्रज खेळाडूंनी त्यावर रचलेले विनोद पुढे पन्नास वर्षे भोजनसमारंभांतून सांगितले गेले.

भित्रेपणा हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. पण मुळात वेगवान चेंडू म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापाशी पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी लागतो. एवढ्या अवधीत डोळ्यांनी दिशा ओळखावयाची, मनाने फटका ठरवावयाचा आणि पायांनी हलावयाचे. यापैकी शेवटली गोष्ट विचाराने होत नाही, सवयीने होते, आणि ती सवय अशी गोलंदाजी पुष्कळ खेळल्यावाचून लागत नाही. भारतीय फलंदाजांना ती लागावी कोठून? महंमद निसार आणि अमरसिंग ही आपली जलद जोडी १९३२ ते १९३६ या काळातली. अमरसिंग तर १९४० साली ऐन तिशीच्या आत वारले. फाळणीनंतर फजल महमूदसारखा गोलंदाज सरहद्दीपलीकडे गेला. उरले ते फिरकीचे जादूगार. सरावाच्या जाळ्यात जो चेंडू कधी आलाच नाही, तो इंग्लंडच्या ओलसर, उघड्या, पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर एकाएकी छातीवर आला. शिरस्त्राणे तेव्हा नव्हती; ती प्रचारात यावयास आणखी पंचवीस वर्षे जावयाची होती. त्या मालिकेत विजय हजारे आणि काही प्रमाणात मंकड यांच्यावाचून कोणाचाच निभाव लागला नाही. परंतु काउंटी सामन्यांत जो सर्वांत अधिक चमकला, त्याचेच अपयश सर्वांत अधिक डोळ्यांत भरले.

या अपयशातून उम्रीगर कसे सावरले, हा त्यांच्या चरित्रातील खरा वाचनीय भाग होय. काही महिन्यांतच संघ वेस्ट इंडीजला गेला. तेथे एक फ्रँक किंग सोडता ट्रूमनच्या जातीचा वेग फारसा नव्हता, हे खरे; पण रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांची फिरकी जगाला नाचवीत होती. उम्रीगरांनी पोर्ट ऑफ स्पेनला १३० आणि किंग्स्टनला ११७ धावा करून मालिकेत एकूण ५६० धावा जमवल्या. १९५५ च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या फतेह मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. हेच ते पहिले द्विशतक. त्यापूर्वीचा भारतीय उच्चांक मंकड यांच्या लॉर्ड्सवरील १८४ धावांचा होता. गंमत अशी की पंधरवडा उलटण्यापूर्वीच मंकड यांनी मुंबईच्या पुढच्या सामन्यात बरोबर २२३ धावा करून उम्रीगरांना गाठले, आणि त्याच मालिकेत मद्रासेस २३१ धावा करून मागेही टाकले. पहिलेपणाचा मान उरला, पण उच्चांकाचा मान दीड-दोन महिने तेवढा टिकला. त्यांचे नाव लोकांच्या ध्यानात न राहण्याचे एक कारण हेही असावे.

मंकड यांची ती दोन्ही द्विशतके झाली, तेव्हा भारताचे कर्णधार स्वतः उम्रीगर होते. गुलाम अहमद यांच्यानंतर मालिकेच्या दुसऱ्या सामन्यापासून हे पद त्यांच्याकडे आले. एकूण आठ कसोटी सामन्यांत त्यांनी नेतृत्व केले. दोन जिंकले, दोन हरले, चार अनिर्णित राहिले. त्या काळच्या मानाने हा हिशेब वाईट नव्हे. तरीही हे पद त्यांच्याकडे स्थिर राहिले नाही, आणि ते गेले ते पराभवामुळे नव्हे.

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ भारतात आला. पाच सामन्यांत भारताला चार कर्णधार झाले, यावरून कारभाराची कल्पना यावी. पहिल्या सामन्यात उम्रीगर, मग दोन सामन्यांत गुलाम अहमद, आणि त्यांनी निवृत्ती पत्करल्यावर मद्रासच्या चौथ्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगर असे ठरले. विजय मांजरेकर जायबंदी होते. त्यांच्या जागी मनोहर हर्डीकर हा फलंदाज घ्यावा असे कर्णधाराचे म्हणणे. नियामक मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांचा आग्रह जसू पटेल या ऑफस्पिन गोलंदाजासाठी होता. उम्रीगरांनी आदल्या रात्री कर्णधारपदाचा राजीनामा दिला. मात्र संघातून अंग काढून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मंकड यांच्या हाताखाली एक सामान्य खेळाडू म्हणून ते मैदानात उतरले. दिल्लीचा अखेरचा सामना हेमू अधिकारी यांच्या नेतृत्वाखाली झाला, आणि उम्रीगरांकडे कर्णधारपद पुन्हा कधीच आले नाही.

आपल्या संघातील माणसे निवडण्यात आपला शब्द चालत नसेल, तर जबाबदारी आपण का घ्यावी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो रास्त होता. तरी पण एका दृष्टीने दैवाने त्यांची थट्टाच केली. वर्षभरातच, डिसेंबर १९५९ मध्ये, कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच जसू पटेल यांनी पहिल्या डावात ६९ धावांत नऊ आणि दुसऱ्या डावात ५५ धावांत पाच बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळवला. दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करीत ज्याने २७ धावांत चार बळी घेऊन पटेलांना साथ दिली, तो गोलंदाज उम्रीगर होता. ज्याच्या निवडीवरून आपले पद गेले, त्याच्या पराक्रमास पुरा हातभार लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच साली जुलैत मँचेस्टरला, सात वर्षांपूर्वी जेथे एका दिवसात दोन डाव कोसळले होते त्याच मैदानावर, ट्रूमन समोर असताना त्यांनी ११८ धावा काढल्या. सामना भारत हरलाच. पण हा ११८ धावांचा डाव १९५२ च्या विनोदांबरोबर कोणी सांगत नाही.

पुढे पाकिस्तानविरुद्ध १९६०-६१ च्या एकाच मालिकेत तीन शतके, कानपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद १४७, आणि १९६१-६२ मध्ये इंग्लंडवर भारताचा पहिला मालिकाविजय या साऱ्यांची नोंद घेऊन १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याकडे वळावयास हरकत नाही.

१७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीस इजा झाली आणि मेंदूवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्ताची गरज पडली तेव्हा देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते आणि उम्रीगरही होते. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कधी कसोटी सामना खेळले नाहीत. एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्या हाती संघ आला. आठ कसोटींत कर्णधार राहिलेला छत्तिशीतला उम्रीगर त्या पोरसवदा नेत्याच्या हाताखाली निमूट खेळला.

जखमी कर्णधार रुग्णालयात, मालिका हातची गेलेली, समोर वेस्ली हॉलसारखा तुफानी गोलंदाज, अशा स्थितीत एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनचा चौथा सामना सुरू झाला. उम्रीगरांनी ५६ षटके टाकून १०७ धावांत पाच बळी घेतले. मग फलंदाजीस उतरून ५६ धावा केल्या. भारताला फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात त्यांनी सुमारे चार तासांत नाबाद १७२ धावा काढल्या. भारताच्या एकूण ४२२ धावा झाल्या. तरीही सामना सात गड्यांनी गमावला. वेगवान गोलंदाजीपुढे मागे सरणारा म्हणून ज्याची दहा वर्षे थट्टा झाली, त्याने आपला सर्वांत मोठा पराक्रम केला तो कर्णधाराची कवटी फुटल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, डोक्यावर साध्या टोपीशिवाय काही नसताना. या एका डावाने १९५२ चा हिशेब पुरता चुकता झाला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. दुर्दैव इतकेच की त्रिनिदादमधील तो डाव भारतात फारच थोड्यांनी पाहिला. दूरचित्रवाणीचे युग अजून यावयाचे होते, आणि वर्तमानपत्रांत सकाळी आले ते एका पराभवाचे वृत्त.

त्याच महिन्यात किंग्स्टनचा सामना खेळून, पाठीच्या दुखण्यामुळे, त्यांनी कसोटी क्रिकेट थांबवले. ५९ सामने, ३६३१ धावा, १२ शतके, सरासरी ४२ च्या वर, शिवाय ३५ बळी. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. धावांचा आणि शतकांचा त्यांचा उच्चांक गावसकरांच्या पिढीने मोडीपर्यंत दीड दशक उलटून गेले.

येथून पुढली चव्वेचाळीस वर्षे हा या चरित्राचा दुसरा, आणि खेळाच्या वर्षांपेक्षा कितीतरी लांब असा भाग आहे. त्या काळी क्रिकेटवर कोणाचे पोट भरत नसे. मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरीस ठेवीत आणि टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत आपले संघ उतरवीत. उम्रीगर असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या संघाकडून खेळले. त्या संघात एका वेळी इतके कसोटीपटू असत की प्रतिस्पर्ध्यास धडकीच भरावी. खेळाडू निवृत्त झाला, की त्याला परत येण्यासाठी एक खुर्ची असे. आजच्यासारखी संपत्ती नसे, पण वाऱ्यावरही सोडले जात नसे. मुंबईच्या रणजी संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक आपल्याकडे ठेवला. त्या परंपरेचा पाया घालणाऱ्या आरंभीच्या वर्षांत उम्रीगरांचा मोठा वाटा होता. प्रथम श्रेणीत त्यांच्या एकूण धावा सोळा हजारांवर गेल्या आणि बळी तीनशेंवर.

सत्तरच्या दशकात ते व्यवस्थापक म्हणून संघाबरोबर जाऊ लागले. १९७६ साली ते वेस्ट इंडीजला गेले, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या त्याच मैदानावर, चौदा वर्षांपूर्वी जेथे त्यांचे नाबाद १७२ व्यर्थ गेले होते तेथे, भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून सामना जिंकला. आणि पुढच्याच किंग्स्टनच्या सामन्यात आखूड टप्प्याच्या चेंडूंचा असा भडिमार झाला की अंशुमान गायकवाड यांच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथ यांचे बोट मोडले, ब्रिजेश पटेल यांच्या ओठाला जखम झाली. कर्णधार बेदी यांनी पहिला डाव सोडून दिला, आणि दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर खेळावयास धड माणूसच उरला नाही. काँट्रॅक्टर यांच्यासाठी ज्याने रक्त दिले होते, तो माणूस या वेळी व्यवस्थापक म्हणून तंबूत होता. भारताचा निषेध त्याच्या तोंडून जगापुढे गेला. फलंदाजाच्या जिवावर बेतणारी गोलंदाजी किती होऊ द्यावी, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला, आणि आखूड चेंडूंच्या संख्येवर आज जे निर्बंध आहेत ते अशाच घटनांच्या अनुभवातून आले.

१९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. संघनिवडीच्या वादावरून ज्याने कर्णधारपद सोडले, त्याच्याच हाती निवडीची लेखणी आली. त्यानंतर नियामक मंडळाचे कार्यकारी सचिव आणि मुंबई क्रिकेट संघटनेचे सचिव ही कामे त्यांनी सांभाळली. क्रिकेटच्या शिक्षणावर त्यांनी पुस्तकही लिहिले. ही पदे मानाची खरी, पण त्यांतील काम बव्हंशी पत्रव्यवहाराचे, प्रवासाच्या व्यवस्थेचे आणि तंटे मिटवण्याचे. नाणावलेल्या खेळाडूंपैकी फार थोडे अशा कामात रमतात.

त्यांना मनापासून आवडले असावे ते मात्र आणखी एक काम, ज्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखभाल त्यांनी अनेक वर्षे केली. बावीस यार्डांची ती पट्टी म्हणजे गवत आणि माती एवढेच नव्हे. माती कोणती, तिच्यात चिकणमातीचे प्रमाण किती, पाणी कधी तोडावयाचे, रूळ किती वजनाचा आणि किती वेळ फिरवावयाचा, गवत किती राखावयाचे, यांवर सामन्याचे पाचही दिवस अवलंबून असतात. पाणी एक दिवस उशिरा तोडले तर पहिल्या सकाळी चेंडू वेडावाकडा उसळतो; एक दिवस लवकर तोडले तर तिसऱ्याच दिवशी पट्टीला भेगा पडून फिरकी गोलंदाजाचे राज्य सुरू होते. मुंबईची लाल माती चेंडूस उसळी देते, तर दख्खनची काळी माती चेंडू खाली ठेवते. काळ्या मातीवर वाढलेला, चटईवर शिकलेला आणि इंग्लंडच्या ओल्या गवतावर पोळलेला मनुष्य उतारवयात लाल मातीची मशागत करीत होता. माळ्यांच्या बरोबरीने उन्हात उभे राहून, वाकून पट्टीवर बोटे दाबून ओल पाहणारा हा उंच, पिकलेल्या केसांचा गृहस्थ कोण, हे पाहणाऱ्यांपैकी किती तरुणांना ठाऊक असेल, कोणास ठाऊक!

१९९८-९९ साली नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. पुढे कर्करोगाने गाठले आणि ७ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वानखेडेच्या एका प्रवेशद्वारास त्यांचे नाव आहे. वर्षातील सर्वोत्कृष्ट भारतीय आंतरराष्ट्रीय खेळाडूस नियामक मंडळ जो पुरस्कार देते, त्यालाही २००६-०७ पासून पॉली उम्रीगर यांचे नाव दिलेले आहे. पहिल्या वर्षी तो सचिन तेंडुलकर यांना मिळाला.